फकीर सर तंत्रस्नेही होतात

“टाक पाच,” असं फकीर सर म्हणाले आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

खरं तर त्यांना ‘एक’ म्हणायचं होतं. लोहाऱ्याच्या बसवप्रभा महाविद्यालयात एकोणतीस वर्षं मराठी शिकवणारे प्राध्यापक फकीर तांबोळी हे काही थापा मारणारे गृहस्थ नव्हते. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि मग नवरा कोण ते बघायचे, इतका काटेकोर माणूस. पण त्या दिवशी विद्यापीठाकडून एक प्रश्नावली आली होती. ‘प्राध्यापकांचे कार्यालयीन वर्तन, तंत्रज्ञान कौशल्ये आणि जीवनमान’ असं तिचं नाव. ती संगणकावरच भरायची होती आणि पाच वाजायच्या आत भरायची होती. ज्यांना भरता येत नव्हती त्यांची ती कार्यालयातले कारकून बजरंग भरून देत होते. ज्याला प्रश्नावलीच भरता येत नाही त्याने आपल्या तंत्रज्ञानाला गुण द्यायचे, यातला विनोद त्या घाईत कुणाच्या ध्यानात आला नाही.

बजरंग कामाला चोख. पण वर्षानुवर्षं व्हरांड्यात परीक्षेचे क्रमांक पुकारून त्यांचा आवाज कायमचा मोठा होऊन बसला होता. स्टाफरूमच्या मधोमध बसून त्यांनी त्याच आवाजात विचारलं, “सर, ऑनलाइन वर्ग घेता येतो का? एक ते पाचमधी सांगा. एक म्हंजी कायच येत न्हाय.”

स्टाफरूममधल्या सगळ्यांचे कान इकडं वळले. समोर वाणिज्य शाखेच्या सोनाली मॅडम बसल्या होत्या. त्यांचं वय एकोणतीस, म्हणजे सरांच्या नोकरीएवढं. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली आणि सरांकडं बघितलं. बघण्यात वाईट काही नव्हतं. किंचित काळजीच होती. पण तीच काळजी सरांना बोचली.

“टाक पाच.”

एकदा पाच म्हटल्यावर पुढच्या प्रश्नाला तीन म्हणणं बरं दिसेना. बारा प्रश्न होते, बारा वेळा पाच पडले. ‘क्लाऊडवर माहिती साठवता येते का’ या प्रश्नाला सरांच्या डोळ्यांपुढं आषाढातले ढग आले, तरी पाच. शेवटी जीवनमानाचा भाग आला. झोप कशी लागते? “उत्तम,” सर म्हणाले. हे उत्तर मात्र खरं होतं. त्या दिवसापुरतं.

आठवड्यानं फोन आला. पलीकडं विद्यापीठातल्या गायत्री मॅडम होत्या. या अभ्यासाचं काम त्यांच्याकडं होतं.

“तांबोळी सर, अभिनंदन! जिल्ह्यात बाराही प्रश्नांना पाच असलेले तुम्ही एकटेच आहात.”

“एकटाच?” सरांनी खुर्चीचा हात धरला.

“हो ना. बाकीच्यांनी तीन-चारच्या पुढं मजल मारली नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, पुढच्या शनिवारी तुमच्याच महाविद्यालयात तालुक्यातल्या प्राध्यापकांची कार्यशाळा. विषय, मोबाईलवर ऑनलाइन वर्ग कसा उभारावा. मार्गदर्शक तुम्ही. पत्र प्राचार्यांना मेल केलंय.”

सरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तोवर मॅडमनी “धन्यवाद” म्हणून फोन ठेवलासुद्धा.

प्राचार्य आण्णासाहेबांनी लगेच बोलावून घेतलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं आणि त्याच्या खाली सरांच्या पदोन्नतीची फाइल होती. ती गेले चार महिने तिथंच होती आणि फक्त एका सहीसाठी होती. आण्णासाहेबांनी दोन्हींवर हात ठेवला.

“तांबोळी सर, छुपे रुस्तम निघालात की! मला आजवर वाटायचं तुम्हाला फोन घेता आणि ठेवता येतो, तेवढंच.”

वाटत होतं ते बरोबरच होतं. पण फाइलीकडं बघत बघत हे सांगायचं कसं? सर ओशाळं हसले. विनय म्हणून ते हसणं खपून गेलं. “शनिवारी कॉलेजचं नाव झालं पाहिजे,” प्राचार्य म्हणाले, “मग सोमवारी बसून ही सहीबी मारून टाकू.”

घरी आल्यावर सरांनी बायकोला, मिनाजला, सगळं सांगितलं. मिनाज तांदूळ निवडत होती. ती निवडता निवडता थांबली.

“अजी, परवा तुम्ही माझ्या मावशीला मोबाईलवर सालगिरहच्या मुबारकबादीऐवजी मयताचं फूल पाठवलं होतं ना?”

“ते चुकून गेलं.”

“आता अख्ख्या तालुक्याला चुकून जाणार,” ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडं वळली.

बातमी शेजारी जायला वेळ लागला नाही. शेजारचे कोंडीराम हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. रजा या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता. ते सरळ येऊन पलंगावर मांडी घालून बसले.

“सर, म्या तेहतीस वर्सं नोकरी केली. आजारपन कसलं सांगावं ह्ये मला इचारा. ताप सांगू न्हाय, ताप मोजता येतोय. दात सांगू न्हाय, लोक तोंड उघडाय लावत्यात. कंबर सांगावी. कंबर कुनाच्या बापाला दिसत न्हाय.”

“पण कोंडीराम, खोटं बोलायचं म्हणजे…”

“मग पाच काय खरं बोलून आलते व्हय?”

दुसऱ्या दिवशी सर कमरेवर हात ठेवून महाविद्यालयात गेले. इतक्या मनापासून वाकले की दुपारपर्यंत कंबर खरंच धरली. प्राचार्यांनी ते बघितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी बजरंगना सांगून व्यासपीठावर गादीची खुर्ची लावायची व्यवस्था केली. “तुम्ही बसून शिकवा सर. तुमचं ज्ञान काय उभं राहूनच येतं असं थोडंच आहे?”

तेव्हा सरांनी खरं बोलायचं ठरवलं. गायत्री मॅडमना फोन लावून एका दमात म्हणाले, “मॅडम, माझ्या उत्तरांत चूक झालीय. पाचच्या जागी एक करायचाय.”

“काही हरकत नाही सर. दुरुस्तीची सोय आहे. पोर्टलवर लॉगिन करायचं, दुरुस्तीचा अर्ज उतरवून घ्यायचा, त्यावर सही करायची, तो स्कॅन करायचा, पाचशे केबीच्या आत पीडीएफ बनवायची आणि चढवायची. मग तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल.”

सरांनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. मग त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिले. तंत्रज्ञान येत नाही हे सांगायला जेवढं तंत्रज्ञान लागत होतं, तेवढं आलं असतं तर सांगायची वेळच आली नसती.

त्यांची भूक गेली. वर्गात ‘अलंकार’ शिकवताना ते ‘अर्ज’ म्हणाले. दुपारी डोळा लागला की पडद्यावर भलामोठा पाच दिसायचा, आणि त्याचं शेपूट हळूहळू त्यांच्या गळ्याभोवती यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल रेघा मारल्या, आता आपली उत्तरपत्रिका तालुक्यापुढं उघडी पडणार, ही धास्ती काही केल्या जाईना.

शेवटी मिनाजनंच मुलीला फोन लावला. तहरीम पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसली आणि मग म्हणाली, “अब्बा, घाबरू नका. दोन फोन घ्या. तुमचा फोन पडद्याला जोडा. अम्मीचा फोन जवळ ठेवा. मी शनिवारी सुट्टीवर आहे. एकेक पायरी अम्मीच्या फोनवर लिहून पाठवते. तुम्ही वाचायचं, करायचं आणि बोलायचं.”

“मराठीत लिही,” सर म्हणाले. मुलीनं संदेश लिहायचा तर मराठीत आणि शुद्ध, हा त्यांचा जुना दंडक होता.

“अब्बा, एवढ्या संकटातपण?”

“संकटात तर जास्तच.”

एका गोष्टीचा विचार मात्र कुणी केला नाही. ते दोन्ही फोन गेल्या ईदला सोलापूरच्या एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेले होते. रंग तोच, कव्हरही तेच निळं.

शनिवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. माकणीचे आले, जळकोटहून दोन जीपा भरून पाहुणे प्राध्यापक आले. साठेक माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. प्राचार्यांनी दीप लावला, सरांना शाल घातली आणि तहसील कार्यालयात बैठकीला जायचं म्हणून निघून गेले. जाताना “जेवणाला येतोच” असं सांगून गेले. सरांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात बजरंगनी त्यातला एक उचलून पडद्याला जोडला आणि परत ठेवला.

सर गादीच्या खुर्चीत बसले. पडदा त्यांच्या पाठीमागं होता. समोरच्या एका फोनवर तहरीमचा पहिला संदेश आला. सरांनी तो चष्म्याच्या वरून वाचला.

‘अब्बा, आधी पाणी प्या.’

सर पाणी प्यायले. सभागृहात खुसखुस झाली. सरांना वाटलं, पाणी अंगावर सांडलं असेल. त्यांनी शाल झटकली.

‘आता आवाज मोठा ठेवा. घाबरलात की तुमचा आवाज बारीक होतो.’

“मित्रहो!” सर एकदम गरजले. पहिल्या रांगेतल्या बाई दचकल्या आणि मागच्या रांगा हसल्या. लोक उल्हसित दिसतायत, सरांना जरा धीर आला. “आज आपण ऑनलाइन वर्ग उभारणार आहोत. पडद्याकडे नीट लक्ष द्यावे.”

“देतोय सर,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खरोखरच पडद्याकडं टक लावून बघत होते. एकोणतीस वर्षांत इतकं लक्ष त्यांच्या तासाला कुणी दिलं नव्हतं.

‘वर्गाचं ॲप उघडा. खाली उजवीकडं अधिकचं चिन्ह आहे. ते दाबा. हळू. डास मारल्यासारखं नको.’

सरांनी दुसऱ्या फोनवर ते दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, “उजव्या कोपऱ्यात अधिकचे चिन्ह दिसेल. ते हळुवार दाबावे.”

“डास मारल्यासारखं न्हाय,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

सर चमकले. हे शब्द यांना कसे सुचले? तेवढ्यात पुढचा संदेश आला.

‘आता वर्गाचं नाव लीहा.’

इतका वेळ आवरून धरलेला माणूस इथं मात्र ढळला. “‘लिहा’मधला ‘लि’ ऱ्हस्व,” ते फोनकडं बघून पुटपुटले. समोर ध्वनिक्षेपक होता. सभागृहात हास्याचा असा स्फोट झाला की दाराबाहेर चहाचे कप लावणारे बजरंग आत धावत आले. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

त्याच वेळी फोनवर, वरच्या बाजूनं, वेगळाच एक संदेश सरकत आला. तो कोंडीरामांच्या पत्नी द्वारकाबाईंचा होता.

‘मिनाज भाभी, सर टिकले का पळाले? आमचे हे इचारतेत.’

सरांनी तो वाचला. मग काहीतरी त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. त्यांनी सावकाश मान वळवली. मागं, आठ फूट उंचीच्या पडद्यावर, ‘सर टिकले का पळाले’ हे शब्द एकेक वीतभर उंचीचे उभे होते. बजरंगनी सरांचा सोडून मिनाजचाच फोन जोडला होता.

त्या क्षणी सरांना कंबर आठवली, पोर्टल आठवलं आणि बाजूचं दारही दिसलं. ते उठून उभे राहिले. पाय दाराकडं वळलेसुद्धा. सभागृह आता हसत नव्हतं. हसून झाल्यावर लोकांना ओशाळं वाटू लागलं होतं.

तेवढ्यात माकणीचे एक वयस्कर प्राध्यापक उभे राहिले. गणिताचे गुंडाप्पा बिराजदार. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता.

“तांबोळी सर, जाऊ नका. तुमच्या लेकीला म्हणावं, जरा दमानं. अधिकचं चिन्ह दाबलं, पण माझं कायतर दुसरंच उघडलंय. ह्यात माझाच चेहरा दिसतोय.”

“माझंबी तसंच,” जळकोटच्या एक बाई म्हणाल्या.

“मला तर ॲपच सापडंना,” आणखी कुणीतरी.

सर दारापाशी थांबले. मग परत येऊन ध्वनिक्षेपकापुढं उभे राहिले. आवाज पुन्हा बारीक झाला होता.

“मला यातलं काही येत नाही,” ते म्हणाले. “प्रश्नावलीत पाच भरले, ते खोटे होते. सगळे ऐकत होते म्हणून भरले. हे जे चाललंय ते माझी मुलगी पुण्याहून सांगतेय. तुम्हाला चालणार असेल तर तिलाच विचारू.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढा वेळ कुणाला नव्हता. “इचारा की!” गुंडाप्पा म्हणाले. “ह्यो चेहरा कसा घालवायचा तेवढं इचारा.”

सरांनी एका बोटानं फोनवर टाइप केलं, आणि साठ माणसांनी ते अक्षर-अक्षर वाचलं. ‘सर्वांना दिसत आहे.’

‘काय?’ तहरीमनं विचारलं.

‘तू लिहितेस ते. पडद्यावर. पहिल्यापासून.’

मग फोनच वाजला. बजरंगनी पुढं होऊन स्पीकर चालू केला आणि सभागृहभर आवाज घुमला, “अब्बा! ते डासाचंपण दिसलं?”

“दिसलं बेटा,” सर म्हणाले. “इथं एका सरांना त्यांचा चेहरा दिसतोय. तो घालवायचाय.”

त्यानंतर दीड तास तहरीम बोलत होती आणि फकीर सर रांगांमधून फिरत होते. शिकवता येत नव्हतं, पण अडलेला माणूस ओळखता येत होता. एकोणतीस वर्षांचा तेवढा एक सराव होता. मान खाली घालून गप्प बसलेल्याजवळ जायचे, “काय झालं?” असं हळूच विचारायचे आणि अडचण फोनवर सांगायचे. “बेटा, इथं दोन मॅडमचं पासवर्डवर अडलंय.” “बेटा, इथं एका सरांचा वर्ग तयार झालाय, पण तो सापडत नाही.” गुंडाप्पांचा चेहरा गेला, तेव्हा त्यांनी सरांचा हात धरून हलवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणसाठ वर्ग उभे राहिले. साठावा फकीर सरांचा होता. त्याचं नाव ‘मराठी द्वितिय वर्ष’ असं पडलं. ‘द्वितीय’मधला ‘ती’ दीर्घ करायला ते दहा मिनिटं झटले.

प्राचार्य जेवणाला आले तेव्हा लोक खुशीत होते. त्यांनी फोटो काढून घेतला आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. जेवताना त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायला सगळेच उत्सुक होते, पण सरांनी आधीच सगळ्यांना हात जोडले होते.

निघताना प्रत्येकाला आणखी एक छोटी प्रश्नावली भरायची होती. कार्यशाळेनंतर तुमचं कौशल्य किती? या वेळी सरांनी बजरंगना बोलावलं नाही. खिडकीपाशी एकटे उभे राहून स्वतः भरलं. दोन.

इथं खरं तर सगळं मिटायला हवं होतं. पण मंगळवारी विद्यापीठाचं पत्र आलं.

‘कार्यशाळेपूर्वी आपले कौशल्य पाच होते, कार्यशाळेनंतर ते दोन झाले आहे. कार्यशाळेमुळे मार्गदर्शकाच्या कौशल्यात साठ टक्के घट झाल्याचे दिसते. हे अभ्यासाच्या दृष्टीने गंभीर आहे. तीन दिवसांत प्राचार्यांच्या सहीने लेखी खुलासा सादर करावा.’

आणि फाइल अजून सहीवाचून तशीच पडून होती. सोमवारी प्राचार्य रजेवर गेले होते.

सरांनी पत्र मिनाजपुढं ठेवलं. “आता काय लिहू? खरं लिहिलं तर फाइल जाते.”

“खोटं लिहून बघितलं ना एकदा?” मिनाज म्हणाली. “परत लिहिलं तर परत कार्यशाळा लागंल. माझा फोन मी देणार न्हाय.”

सर महाविद्यालयात गेले, संगणकापुढं बसले आणि खुलासा स्वतः टाइप करायला घेतला. सोनाली मॅडम दोनदा उठून आल्या, “करून देऊ का सर?” म्हणाल्या. “अडलं तर विचारतो,” सर म्हणाले, आणि खरंच तीनदा विचारलं. अडीच तास लागले. खुलासा दोन ओळींचा होता.

‘आधीचे पाच मी इतरांसमोर कमीपणा नको म्हणून भरले होते. नंतरचे दोन खरे आहेत.’

कागद घेऊन ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. आण्णासाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“म्हणजे शनिवारी जे झालं ते…”

“माझ्या मुलीनं शिकवलं, सर. पुण्याहून. मी नुसता फिरत होतो.”

प्राचार्यांनी एकदा फाइलीकडं बघितलं, एकदा कागदाकडं. मग कागद नाकाजवळ नेऊन बारकाईनं बघू लागले.

“हे टाइप कुणी केलं?”

“मी.”

“तुम्ही? आणि ही समासाला सोडलेली जागा, ह्या ओळी सरळ?”

“मीच. सोनाली मॅडमना तीनदा विचारलं.”

“छापलं कुणी?”

“मीच छापलं. पहिल्यांदा सतरा प्रती निघाल्या, मग थांबवता आलं.”

आण्णासाहेबांनी पेन उघडलं. खुलाशावर सही केली. मग तसंच पेन हातात असताना फाइल ओढली आणि तिच्यावरही केली, जणू दोन्ही एकाच कामाचे कागद होते.

“पण तांबोळी सर,” फाइल पुढं सरकवत प्राचार्य म्हणाले, “एवढं सगळं स्वतः करायला लागलात, तर दोन कसे? आता तीन तरी झाले की. तसं कळवू का विद्यापीठाला?”

“नको सर!” फकीर सर फाइल छातीशी धरून दाराकडं सरकले. “दोनच राहू द्या.”